घरचा संगणक कोणाचा?

घरात एखादी वस्तू आणायची म्हटली की आपण किती चौकसपणा करतो! साधा कुकर घ्यायचा तरी आई चार दुकाने हिंडते, शेजारच्या काकूंना विचारते, शिट्टी आणि रिंग गावातच मिळेल ना याची खात्री करून घेते आणि मगच पैसे मोजते. परंतु ज्या यंत्रावर आज आपला अभ्यास, पत्रव्यवहार, घरातले फोटो, हिशेब आणि पैशांचे व्यवहारही चालतात, त्या संगणकाच्या आत कोणती प्रणाली असावी, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. दुकानदार जी घालून देईल ती आपण निमूटपणे घरी आणतो. आपण चुकीची निवड करतो असे मला म्हणायचे नाही. निवड करायची असते हेच आपल्या गावी नसते, असे मला म्हणायचे आहे.

मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मराठी विषय घेऊन बी.ए.च्या तृतीय वर्षाला शिकते. तेव्हा हिने या विषयात तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की, हा प्रश्न तज्ज्ञांचा नाहीच. तज्ज्ञ आपली सोय आपण पाहून घेतात. हा प्रश्न घरात बसून टंकलेखन करणाऱ्या, फॉर्म भरणाऱ्या, जुनी गाणी ऐकणाऱ्या सामान्य माणसांचा आहे, आणि म्हणूनच तो कला शाखेच्या वार्षिकांकात मांडण्यात काही वावगे नाही.

हा प्रश्न आज का निघाला? विंडोज १० या सर्वपरिचित प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पाठिंबा संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे; परंतु प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भगदाडांना ठिगळे मिळण्याची नित्याची सोय संपली. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने त्या वेळी काही अटींवर आणखी एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली; पण मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे. पुढची प्रणाली विंडोज ११ ही २०२१ साली आली. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. परिणामी, चांगले चालणारे असंख्य जुने संगणक केवळ या अटीत बसत नाहीत म्हणून एका दिवसात ‘जुनाट’ ठरले. यंत्र झिजले नाही, बिघडले नाही. त्याच्यावर शिक्का मात्र बसला.

अशा वेळी मध्यमवर्गीय घरापुढे दोन वाटा दिसतात. पहिली म्हणजे नवा संगणक घेणे. ज्यांना परवडते त्यांनी तो खुशाल घ्यावा. पण जुन्याचे काय, याचाही विचार करावा, कारण भंगारात गेलेला संगणक हा साधा कचरा नसतो, त्यात शिशासारखे विषारी धातू असतात. दुसरी वाट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ‘टाकून देतो की नवीन विंडोज, कशाला काळजी करता?’ असे म्हणणारा कोणीतरी प्रत्येक गल्लीत असतोच. तो जी प्रत टाकून देतो ती नकली असते, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. आपण वक्तृत्वस्पर्धेत भ्रष्टाचारावर तावातावाने बोलतो, लेखकाला मानधन मिळाले पाहिजे म्हणून ठराव करतो, आणि घरी येऊन चोरीच्या प्रणालीवर ते भाषण टंकित करतो. यातली विसंगती आपल्याला खटकत कशी नाही? शिवाय नकली प्रत चालू करण्यासाठी जी ‘किल्ली’ वापरतात, ती कोणी बनवली आणि तिच्या पोटात आणखी काय दडले आहे, हे टाकून देणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याच यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो!

तिसरी वाट आहे, आणि तिच्याविषयीच मला लिहायचे आहे. ती म्हणजे मुक्तस्रोत प्रणालीची.

मुक्तस्रोत म्हणजे काय? प्रत्येक प्रणाली ही शेवटी माणसांनी लिहिलेली एक संहिता असते. विंडोजची मूळ संहिता कंपनीजवळ बंदिस्त आहे. आपल्याला मिळतो तो तिचा वापर, तोही तिच्या अटींवर. मुक्तस्रोत प्रणालीची संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या दोहोंना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे तिकडे या विषयात पुष्कळ घोटाळा होतो. आपल्या भाषेत तो होण्याचे कारण नाही. ही प्रणाली मोफत मिळते हे खरे, पण तिचे खरे मोल ती मुक्त असण्यात आहे.

या चळवळीचा इतिहासही मनोरंजक आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३ साली ‘ग्नू’ नावाची मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि जगापुढे ठेवला. तोच लिनक्स. या दोन प्रवाहांच्या संगमातून जे उभे राहिले त्याला आज हजारो लोकांचे हात लागले आहेत. ‘लिनक्स म्हणजे काहीतरी अवघड’ असे मानणाऱ्यांनी आपला मोबाइल हातात घेऊन पाहावा. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पाचशे सर्वांत शक्तिमान संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. म्हणजे जे प्रयोगशाळेत चालते आणि खिशातही चालते, ते फक्त आपल्या घरच्या टेबलावर आले की चालणार नाही, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत.

येथे नवख्या माणसाची पहिली अडचण सुरू होते. विंडोज एक आहे. लिनक्स मात्र एक नाही. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च अशी नावांची लांबलचक रांग पाहून माणूस गांगरतो. मराठीच्या विद्यार्थ्याने मात्र गांगरू नये. पाठभेद ही कल्पना आपल्याला नवीन नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. तेव्हापासून सामान्य वाचकाला विश्वासाने हाती घ्यावी अशी एक प्रत मिळाली. लिनक्सचेही काहीसे असेच आहे. मूळ गाभा तोच. पण त्याभोवती हजारो सुटे भाग असतात. ते निवडून, एकमेकांशी जुळवून, तपासून वापरण्याजोगी आवृत्ती सिद्ध करणारे निरनिराळे गट आहेत. तेव्हा ‘कोणते लिनक्स घ्यावे?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘कोणत्या संपादकांवर विश्वास ठेवावा?’ असा आहे.

मग हा विश्वास कशावर ठरवावा? येथे माझे मत मी स्पष्टपणे मांडते. दिसण्यावर ठरवू नये. नवेपणावर तर मुळीच ठरवू नये. घरच्या संगणकासाठी दोनच कसोट्या मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ती आवृत्ती किती वर्षे सांभाळली जाणार आहे? दुसरी, अडले तर विचारायला कोण आहे? विकत घेतलेल्या वस्तूमागे निदान दुकानदार तरी असतो. मुक्त प्रणालीमागे दुकान नसते; तिच्यामागे ती वापरणारी माणसे असतात. म्हणून जी प्रणाली आपल्या ओळखीतल्या कोणाला येते, तीच आपल्यासाठी उत्तम. जगातली सर्वांत सुबक प्रणाली घेतली, पण गावात ती कोणालाच ठाऊक नाही, तर पहिल्या अडचणीला आपण एकटे पडणार आणि आठवड्याच्या आत गल्लीतल्या त्या ‘टाकून देणाऱ्या’कडे परत जाणार.

या कसोट्या लावल्या की रांग आपोआप आखूड होते. आर्चमध्ये नव्या गोष्टींचा ओघ अखंड चालू असतो. शिकण्याची हौस असलेल्यांना ती आनंद देईल, पण परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाला शिकायचे असते? फेडोरा उत्तम आहे, तथापि तिची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीची सांभाळणूक सुमारे तेरा महिनेच असते. घरात इतक्या वेळा बदल कोण करीत बसणार? १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली स्थैर्याबद्दल प्रसिद्ध आहे. जिला हात लावावा लागू नये अशी प्रणाली ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती उत्तमच. २००४ साली आलेल्या उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी येतात आणि पाच वर्षे सांभाळल्या जातात. त्याच पायावर २००६पासून मिंट उभी आहे. तिची २०२४ साली आलेली २२वी मालिका २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे.

माझा कौल मिंटला आहे. तिच्यात काही अलौकिक आहे म्हणून नव्हे. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, वर बंद करण्याची फुली, असा तिचा संसार ओळखीचा असतो. दोन जीबी रॅमवरही ती चालते. चार असल्यास बरे. बदल करण्यापूर्वीची स्थिती जपून ठेवण्याची सोय तिच्यात आहे, त्यामुळे काही बिनसले तर मागे जाता येते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे नवख्या माणसांना ती सुचवण्याचा प्रघात पडला असल्यामुळे तिच्याविषयी विचारले की सांगणारा भेटतो.

आमच्या घरी २०१५ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. ‘याचे आता काही खरे नाही, नवाच घ्या,’ असा सल्ला एका दुकानदाराने दिला होता. त्याऐवजी आम्ही जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती घातली. येथे सत्य सांगितले पाहिजे की, वेग वाढला त्यातला मोठा वाटा एसएसडीचा आहे. सारे श्रेय लिनक्सला देणे बरोबर होणार नाही. माझी आई महिला बचत गटाची सचिव आहे. गटाचा हिशेब ती संगणकावर ठेवते. नवी प्रणाली आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, “माझी वही कुठाय?” तिची हिशेबाची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून दाखवली, बेरजा बरोबर आहेत हे तिने पाहिले, आणि तिच्या दृष्टीने तो विषय तेथेच संपला. मला वाटते, घरगुती वापराची याहून चांगली परीक्षा नाही. धाकट्या भावाची तक्रार मात्र अजून चालू आहे. त्याला हवा असलेला एक ऑनलाइन खेळ लिनक्सवर चालत नाही, आणि ही तक्रार खरी आहे.

कला शाखेच्या दृष्टीने माझा सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा भाषेचा आहे. आपल्याकडे कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खाजगी सांकेतिक लिपीत टंकित होत आला. तो विशिष्ट फाँट नसेल तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. किती प्रबंध, किती दिवाळी अंक, किती कविता अशा फायलींत अडकून पडल्या असतील! युनिकोडने प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देऊन हा प्रश्न सोडवला. विंडोजवरही युनिकोड आहे, हे मान्य. लिनक्सवरही तो घरचाच आहे. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून निवडला की झाले; ‘दऱ्या’मधला ऱ्य आणि ‘ॲ’ हे अक्षर नीट उमटतात. २००४ साली रेड हॅट कंपनीने मुक्त केलेला लोहित, त्यानंतरचे मुक्त परवान्याचे मुक्त, नोटो असे देवनागरी फाँट उपलब्ध आहेत. लिब्रेऑफिस ज्या ओडीएफ स्वरूपात लेखन साठवते, ते २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या हे सॉफ्टवेअर राहिले नाही तरी ती फाइल कशी वाचायची याचे नियम जगापुढे आहेत. ज्याला आपले लिखाण वीस वर्षांनी उघडावे असे वाटते, त्याने हा विचार आजच करावा.

आता आक्षेपांकडे वळू. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून मी हे सांगत नाही, आणि लिनक्स म्हणजे रामबाण असाही माझा दावा नाही. ज्याचा व्यवसाय टॅलीप्राइम, फोटोशॉप, इनडिझाइन किंवा कोरलड्रॉवर चालतो, त्याने विंडोज सोडू नये. फार तर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्या. वर्डमधल्या गुंतागुंतीच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की मांडणी कधीकधी हलते. काही छोटे लेझर प्रिंटर आणि काही वायफाय चिपा लिनक्सशी फटकून वागतात. हे सारे आधी तपासता येते, आणि तपासलेच पाहिजे.

‘नोकरीत विंडोजच लागणार, मग हे शिकून काय उपयोग?’ हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. एमएस-सीआयटीच्या वर्गात आपण विंडोज शिकतोच; ते ज्ञान कोणी काढून घेत नाही. उलट दोन प्रणाली वापरलेल्या माणसाला बटण कुठे आहे यापेक्षा काम काय आहे हे कळते. एक भाषा येणाऱ्यापेक्षा दोन भाषा येणाऱ्याला व्याकरण अधिक उमगते, तसेच हे. आणि केरळकडे पाहावे. तेथील सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षे माहिती-तंत्रज्ञान हा विषय मुक्तस्रोत प्रणालीवरच शिकवला जातो. तिथली मुले नोकरीस अपात्र ठरली असे कोणी म्हणत नाही.

याच्या उलट उदाहरणही लपवू नये. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरवले, हजारो संगणक बदलले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. त्यामागे तंत्र किती आणि राजकारण किती, यावर वाद आहेत. मला त्यातून एवढाच बोध घ्यावासा वाटतो की, प्रणाली केवळ गुणांवर टिकत नाही. ती सभोवतालच्या माणसांवर टिकते. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००८ साली उबुंटूकडे वळण्यास सुरुवात केली आणि तो निर्णय टिकवला, हेही त्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी घाई करू नये. प्रथम आपल्या सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. मिंट एका पेनड्राइव्हवर घ्यावी आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. असे केल्याने आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. त्या अवस्थेत वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, मराठी टंकित होते का, बँकेचे पान उघडते का, हे एकेक करून पाहावे. सारे जमले तरच पुढे जावे. नाहीतर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा, काही बिघडलेले नसते. विकत घेण्यापूर्वी कोणती प्रणाली आपल्याला अशी घरी वापरून पाहू देते?

शेवटी माझ्या सहाध्यायांना आणि गुरुजनांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आपल्या ग्रंथालयात मिंटची एकच, ठरलेली आवृत्ती असलेले दोन-तीन पेनड्राइव्ह ठेवावे आणि पुस्तकाप्रमाणे ते आठवड्यासाठी घरी द्यावे. नकली प्रत देणे गुन्हा आहे. ही प्रत देणे परवान्याला धरूनच आहे. दुसरी, ज्यांना ती येते अशा विद्यार्थ्यांनी शनिवारी तासभर ग्रंथालयात बसावे, म्हणजे अडलेल्याला विचारायला माणूस मिळेल. दहा घरांनी दहा वेगवेगळ्या प्रणाली घेतल्या तर दहाही जण एकटे पडतील. दहा घरांनी एक घेतली तर एकाची अडचण सुटली की दहांची सुटेल. आणि तिसरी, प्राध्यापकांनी टिपणे आणि संपादक मंडळाने या वार्षिकांकासाठीचे लेख युनिकोडमध्येच द्यावे-घ्यावे, जेणेकरून कोणाच्या घरी कोणती प्रणाली आहे यावर मराठी वाचता येणे अवलंबून राहणार नाही.

माझा कौल मिंटला असला तरी कोणी विचारपूर्वक डेबियन घेतली, किंवा सारे पारखून पैसे मोजून विंडोजच घेतली, तरी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न निवडता घेण्याबद्दल. कुकरच्या रिंगबद्दल आपण जितकी विचारपूस करतो, तितकी तरी घरच्या संगणकाबद्दल करावी, एवढीच अपेक्षा.